आधी विचारायचं

सर, मागच्या मंगळवारी ती मला भेटली. आपल्या बॅचची, पेठ गावची, खिडकीजवळच्या मशीनवर बसायची ती. तिनं मला विचारलं, “सर जायच्या आधी त्यांना खरं सांगितलं होतं का?” मी हो म्हणालो. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक अक्षर सांगितलेलं नाही, हे तुमच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? म्हणून लिहायला बसलोय. तिला दिलेला तो ‘हो’ निदान मागून तरी खरा करावा, एवढाच विचार आहे. जमेल असं वाटत नाही.

सुरुवात लॅबपासूनच करतो. शिकवायच्या मॅडम वेगळ्या होत्या, तुम्ही कागदावर नुसते लॅब असिस्टंट, पण आम्हाला शिकवलं तुम्हीच. आधी तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन होता. तांब्याच्या तारा संपत आल्या तशी तुम्ही नोकरी सोडलीत, पंचेचाळिशीत प्रोग्रामिंगची सी भाषा शिकलात आणि ओतूरच्या कॉलेजात आमच्या नशिबी आलात. नेटवर्क कार्डाला पत्ता द्यायचा, ते चालू-बंद करायचं, तर आम्ही कमांड मारून मोकळे व्हायचो. तुम्ही म्हणायचात, “कमांड कोण पन मारतं रं. कमांडच्या आत काय व्हतं, ते लिव्ह.” मग तुम्ही फळ्यावर एक्स्चेंज काढता. कर्नल, म्हणजे मशीनचा आतला कारभारी, तो एक्स्चेंज, आपला प्रोग्राम म्हणजे गिऱ्हाईक, आणि आयओसीटीएल म्हणजे गिऱ्हाइकानं एक्स्चेंजला मारलेली हाक. हाकेबरोबर एक फॉर्म द्यायचा. फॉर्मात वर कार्डाचं नाव आणि खाली त्या कार्डाची बटनं. बटनं कसली, एकच आकडा, त्यातला एकेक बिट म्हणजे एकेक बटन. एक बटन कार्ड उठवायचं, एक सगळ्यांचं ऐकायचं, अशी. हाका दोन. दोन्हींची नावं लांबलचक, फरक एका अक्षराचा, एकीत जी, दुसरीत एस. जी म्हणजे विचारायचं, एस म्हणजे सांगायचं. सांगताना एकटं बटन पाठवता येत नाही, सगळ्या बटनांची पाटीच पाठवावी लागते. म्हणून आधी जी मारून जुनी पाटी मागवायची, तिच्यात आपलं एक बटन दाबायचं आणि मगच एस मारून परत द्यायची. हे सांगताना तुम्ही ड्रॉवरमधून तो पिवळा हँडसेट काढता, खांबावर चढून तारेला चिमटे लावून ऐकायचा. “ह्यो लावला की आधी कान, मग तोंड. कुनाच्या घरी मयताचा निरोप चालला असंल, आन् तू वरनं ‘हॅलो टेस्टिंग’ म्हनून बोंबलशील.” सगळी लॅब हसते. ती हसत नाही, वहीत लिहून घेते.

मी लिहून घेतलं नाही. मला घाई होती. मी माझा प्रोग्राम लिहिला, नाव ठेवलं ‘उठ’. बंद पडलेलं कार्ड एका फटक्यात उठवायचा, म्हणजे चालू करायचा. त्यात जी नव्हतीच, सरळ एस. कोरी पाटी घ्यायची, उठायचं बटन दाबायचं, द्यायची फेकून. आठ दिवसांत लॅबच्या सगळ्या मशीनवर ‘उठ’ झाला, पोरं माझं नाव घेऊन वापरायची. तुम्ही माझ्या खुर्चीमागं उभे राहून वाचलात आणि म्हणालात, “चालतोय, पन दुसऱ्यानं दाबलेली बटनं पुसतोय.”

“सर, कार्ड उठतंय ना? मग झालं तर.”

“न इचारता तारंला हात लावतो तो लाइनमन न्हाय, माकड.”

सगळ्यांसमोर बोललात. त्यातही तिच्यासमोर. मला इतका राग आला की केवळ तुम्हाला दाखवायला म्हणून मी त्यात पुढं एक ओळ बदलली नाही.

तिच्याबद्दल तुम्हाला काय सांगू? तुम्हाला तेव्हा दिसतच असणार. पूर्ण वर्ष मी तिच्या शेजारच्या मशीनसाठी पोरांशी भांडलो, आणि वर्षभरात तिच्याशी बोललो असेन चार-पाच वाक्यं. त्यातली दोन तर ‘पंखा चालू करू का’ असली. तिची एक सवय होती. अडली नसली तरी मध्येच दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायची आणि पडद्याकडं बघत राहायची. तो तिचा विचार करायचा वेळ. वर्षभर तिला बघणाऱ्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला प्रश्न आला होता, की कार्ड सगळ्यांचं ऐकेल असं करा आणि तारेवरून आलेली माहितीची पाकिटं मोजून दाखवा. आपल्या लॅबमध्ये जुना हब होता, एकाचं बोलणं सगळ्यांच्या दारावरून जायचं, त्यामुळं आकडा मोठा यायला हवा. तिनं कार्ड बंद केलं, सगळ्यांचं ऐकायचं बटन दाबलं, आणि उठवायच्या आधी नेहमीसारखे हात मांडीवर घेतले. मी शेजारून बघतोय. कार्ड बंद दिसतंय, ती गप्प बसलेली दिसतीय. मला वाटलं, अडली. खुर्ची सरकवली, तिच्या कीबोर्डावर हात घातला आणि ‘उठ’ चालवला. कार्ड उठलं. तिनं दाबलेलं बटन पुसलं गेलं. ती “अहो” एवढंच म्हणाली. तोवर बाहेरून आलेले परीक्षक मागं उभे होते. त्यांनी मोजायला लावलं, आकडा आला अगदी किरकोळ, आणि माझा हात अजून तिच्या कीबोर्डावरच होता.

आता जे लिहायचंय ते इथं आहे. परीक्षकांनी केबिनमध्ये मला एकट्याला आत घेतलं आणि विचारलं, “मुलीनं मदत मागितली होती का?” सर, मी हो म्हणालो. म्हणालो, तिनंच मला विचारलं. भीती होतीच, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच होतं. तिनं विचारलं असेल तर मी तिचा कोणीतरी ठरतो. विचारलं नसेल तर पोरीच्या मशीनवर हात घालणारा एक टपोरी. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी ते खरं असल्यासारखं बोललो. तिला वेगळं आत घेतलं होतं, ती म्हणाली, मी काही विचारलं नाही. पण घाबरलेली मुलगी खोटं बोलते हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. परीक्षक हसून म्हणाले, “म्हणजे प्रकरण आहे.” त्या हसण्यावर माझं डोकं फिरलं. मी त्यांची कॉलर धरली. वाटलं, तिच्यासाठी धरतोय. कॉलर धरली आणि ‘प्रकरण’ पक्कं झालं. संध्याकाळी ओतूरच्या स्टँडवर पानवाल्याच्या तोंडीसुद्धा तोच शब्द होता. मी आयकार्ड टेबलावर फेकलं आणि पुन्हा कॉलेजात पाऊल टाकलं नाही. तिचा पेपर रद्द झाला, वर्ष गेलं आणि महिना संपायच्या आत तिच्या वडिलांनी येऊन नाव काढून नेलं.

तुम्ही तिच्या घरी गेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, रजा टाकून नारायणगावला गाडी बदलून पेठला गेलात. दोन दिवसांनी मला स्टँडवर बोलावून घेतलंत. चहाचे दोन ग्लास समोर आहेत, तुमचा शर्ट घामानं पाठीला चिकटलाय, आणि तुम्ही खुशीत सांगताय, “तिच्या बापाला म्हनलं, पोरीनं मदत मागितली, त्यात काय खून केला का? परीक्षेत घाबरत्यात पोरं. तर ते गप बसलं राव. पटलं असंल.”

सर, त्यांना काय पटलं असेल ते मला त्याच क्षणी कळलं. तोवर त्यांच्यासमोर मुलीचा एक शब्द होता आणि कॉलेजचा एक. तुमच्यासारखा माणूस दारात येऊन कॉलेजच्या बाजूनं साक्ष देऊन गेला. तीही माझ्या भरवशावर. ग्लास हातात होता, तुम्ही समोर होता, आजूबाजूला आपल्या ओळखीचं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, “सर, जुन्नरची गाडी लागली.” तुम्ही पिशवीतून तो पिवळा हँडसेट काढून माझ्या हातात दिलात. “कामाला लागशील तवा लागंल. शिक्षान सुटलं म्हनून काम सोडू नगं.” मी गाडीत बसलो. मागं वळून बघितलंही नाही, कारण तुम्ही हात करत असणार हे माहीत होतं. दिवाळीनंतर तुम्ही गेलात. दहाव्याला मी घाटावर आलो होतो, सगळ्यांच्या मागं उभा होतो. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा मागं राहिली नाही माणसाची. मला तेव्हाही ओरडून सांगावंसं वाटलं होतं की त्यांना माहीतच नव्हतं. नाही ओरडलो. नको तिथं मात्र ओरडतो मी.

आता मी एकाच्या हाताखाली गावोगाव नेट जोडतो. डोंगरावर डिश, घरावर डिश, मध्ये हवा. घरात लावायचे राउटरचे डबे जुने आणि एवढे बारके की जागा वाचवायला नेहमीच्या कमांड काढून टाकल्यात. मग मी त्यात माझा तोच ‘उठ’ टाकतो, तुम्ही शिकवलेल्या हाका मारतो, कार्ड उठतं. लोकांना वाटतं पोरगं लई हुशार. मंगळवारी डिंगोऱ्याला एका घरी असाच गेलो. पत्र्यावर डिश बसवून खाली आलो, ओसरीत लॅपटॉप उघडला, तर पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली.

सासू भाजी निवडत बसलेली. तिनं विचारलं, “कोन गं हे पावनं? वळखीचं हायेत का?”

“नेटवाले भाऊ आहेत,” ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, “भाऊ, डबा तिकडं कपाटावर लावा. इथं पोर हात घालतं.”

इकडं सगळे सगळ्यांना भाऊ म्हणतात, एसटीचा कंडक्टर भाऊ, खतवाला भाऊ. तरी सात वर्षं मी मनात जे काही जपून ठेवलं होतं त्याला त्या एका शब्दानं जागा दाखवली, आणि ती जागा बरोबरच होती. सासू आत गेली तेव्हा ती माझ्या मागं उभी होती, पडद्यावरच्या ‘उठ’कडं बघत. हळू म्हणाली, “आता आधी विचारतो का तो?”

म्हणजे तिला माहीत होतं. काय पुसलं गेलं, कशानं पुसलं गेलं, त्याच दिवशी त्याच मिनिटाला तिला कळलं होतं. मी म्हणालो, “विचारतो.”

“सरांना सांगितलं होतं का? मी काही विचारलं नव्हतं म्हणून?”

“हो.”

“मग बरं,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं काय, ते बोलायचेच. पण सर घरी येऊन तसं बोलून गेले ना, ते मला लागलं होतं. त्यांना शेवटी कळलं, बरं झालं.” आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली. मला निरोप द्यायला पुन्हा बाहेर आली नाही. का यावं?

तिचा चेहरा थोडा सैल झाला होता, सर. मी दिलेली एवढी एकच गोष्ट तिच्या कामी आली आणि तीही खोटी. आता तिला जाऊन खरं सांगितलं तर तेवढंही काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं, तर पुन्हा तिला न विचारता तिच्या वतीनं मीच ठरवलं. दोन्हीकडून हात माझाच. म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत असून. तिनं मला काही विचारलं नव्हतं. मदत मागितली नव्हती, खूण केली नव्हती, माझ्याकडं बघितलंही नव्हतं. तुमची विद्यार्थिनी खोटं बोलत नव्हती.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या घरी आता दुसरे भाडेकरू आहेत. हँडसेट माझ्या कामाच्या पिशवीत असतो, तार लावायला खांबावर तारच राहिली नाही. पत्र घडी करून त्याच्याशेजारी ठेवतो.

एक राहिलं. आज दुपारी ‘उठ’ची फाइल उघडून बघितली. जी मारायच्या दोन ओळी घालायच्या, दहा मिनिटांचं काम, निदान तिला सांगितलेलं एक तरी खरं झालं असतं. बराच वेळ बघत बसलो आणि बंद केली. तो अजून विचारत नाही, सर.