इत्तोसाठी गुलाबी दगड

आई, तुझ्या बास्सूचा सलाम. मी बरा आहे, खोकला थोडाच आहे. या दगडात सोमल, म्हणजे विषच असतं, म्हणून भाकरीला हात लावण्याआधी साबणाने धुतो.

खाणीत खडकावर बुरशीसारखा गुलाबी थर दिसला की कोबाल्ट जवळ असतो. तिथेच मला स्फटिकांच्या गडद गुलाबी सुयांचा झुपका सापडला. इत्तोसाठी चमकवायला ब्रशने घासला, तर चुरा! माझ्यासोबत खणणारे हद्दूकाका हसले, "अरे बैला, याला नखानेही ओरखडा पडतो. कॉलेजही असंच घाईत सोडलंस ना?"

इत्तोचे वडीलही म्हणतात, मी कशातच टिकत नाही. त्यांनी तिचं लग्न दुसरीकडे ठरवलं नाही ना? त्यांना सांग, दुसरा झुपका सापडलाय. चार दिवस त्याला बोटही न लावता भोवतीचा खडक कोरतोय.

अजून महिना लागला तरी लागो.

तुझा हट्टी,
बास्सू