पाचवी फेरी

पोलादपूर,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. सुशांत,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. भात कापणीला आलंय, पण पाऊस हटत नाही. तुझ्या वहिनीचा गुडघा तू पाठवलेल्या तेलाने थोडा हलका झालाय. आईच्या मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहितो.

कापडे गावचा गणू, घाटात गाडी उलटल्यापासून, अजून महाडच्या दवाखान्यात आहे. पाय वाचला. काल त्याला भेटून आलो. त्याच गाडीत गेलेल्या त्याच्या आईला, रंगूबाईला, अग्नी द्यायलाही त्याला नेता आलं नाही, आणि वर तिच्या मरणाचा गुन्हा त्याच्याच नावावर. निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणे. भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "धम्मादा, मी दुसऱ्या गिअरातच होतो. ब्रेक मारला तर पायडल खालीच गेलं. कुणाला पटत नाय. तुला तरी पटतंय ना?"

मी हो म्हणालो आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. ती गाडी त्याने माझ्या शब्दावर घेतली होती. माझ्या भावाने ब्रेक तपासलेत, डोळे झाकून घे, असं मीच सांगितलं होतं.

गेल्या वर्षीचा मे आठव. तुमच्या कंपनीची ही नवी गाडी, बाजारात येण्याआधी ब्रेक तपासायला, वाळूची पोती भरून आंबेनळी घाटात सहा वेळा उतरवायची होती. चाकांना तुझ्या वायरी, मांडीवर लॅपटॉप आणि स्टेअरिंगवर मी. प्रत्येक फेरीला पायडल दाबल्यावर खाली किती बोटं जागा उरते ते मी सांगायचो, तू मशीनचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचास आणि जुळला की हसायचास. चार फेऱ्या चार बोटं. पाचवीला, दुसऱ्या गिअरात असूनही, एकच बोट. ब्रेकचं तेल उकळलं होतं. हँडब्रेक ओढून मी गाडी डोंगराच्या अंगाला लावली. ब्रेकचा ड्रम मोठा केल्याशिवाय ही गाडी बाजारात जाणार नाही, असं तू स्वतः म्हणालास. म्हणून ती बाजारात आली तेव्हा ड्रम बदललाच असणार असं मी धरून चाललो. लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुझं नाव घातल्याचं त्या दिवशी सार्थक झालं असं वाटलं.

परवा कंपनीचे वकील माझ्या गॅरेजवर आले. त्यांच्याकडे त्या दिवसाचे कागद होते. पाचव्या फेरीत लिहिलंय, चालकाने खालचा गिअर वापरला नाही म्हणून ब्रेक तापले, ही फेरी धरू नये. खाली माझी सही. नंतर हात ऑइलचे होतात म्हणून सकाळीच सहाही कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या होत्यास. मी वाचलंही नव्हतं. वाचायला होतं काय?

त्याच कागदाच्या जोरावर ते आता म्हणतात की गणूनेही तेच केलं.

तुला फोन केला तेव्हा वाटलं होतं, तू म्हणशील हे माझं अक्षर नाही. तू म्हणालास, "ड्रम बदलायचा तर गाडी सहा महिने मागे पडली असती, दादा. वरून सांगितलं, मी लिहिलं. सही तुझीच आहे ना? जबाबात तेवढंच म्हण."

एकोणतीस वर्षं मी या घाटात गाड्या उतरवतोय. खालच्या गिअराशिवाय उतरलो असं माझ्याच भावाने लिहावं, तेही शेजारी बसून सगळं पाहिलेलं असताना. रोज संध्याकाळी बुद्धवंदनेला बसतो. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आलो की ते गाळून पुढचं म्हणतो. तुझी वहिनी विचारते, एक शील राहिलं का?

सोमवारी पोलादपूरच्या ठाण्यात माझा जबाब आहे. सही माझी आहे हे सांगेन. वरचा मजकूर माझा नाही, आणि त्या फेरीत खरं काय झालं, तेही सांगेन. तुझी नोकरी जाईल. कदाचित त्याहून जास्तही होईल. ते मला कळतं, म्हणून तुला आधी कळवतोय. तुझ्या लॅपटॉपवर त्या दिवसाचे आकडे असतील तर घेऊन ये. ते तू पुसले असतील असं मला अजून पटत नाही.

आईला काही बोललेलो नाही. दिवाळीला येणार का, म्हणून ती रोज विचारते. ये. पण आधी महाडला उतर. गणूला भेटल्याशिवाय आपल्या घराची पायरी चढू नकोस.

तुझा थोरला भाऊ,
धम्मपाल