फ्रिजमधला गजरा

रवि. १० ऑगस्ट

आधी आल्या त्या कमलाबाई, एकट्या, ऑटोतून. यजमान नि मुलगा मागून, गाडी लावायला जागा शोधतायत म्हणे. म्हणजे घर हेरायला पुढे आल्या, मला काय कळत नाही? आडी महिना. आडीत इथं तमिळ मुलखात कुणी मुलगी बघायला जात नाही. तर म्हणाल्या, मोठ्या देवळात दर्शनाला आलो होतो, सहज डोकावलो. सहज आलेल्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला मल्लीचा, मोगऱ्याचा गजरा!

मीही सहजच सोज्जी-बज्जी केली होती, मुलगी बघायला येतात तेव्हाचा शिरा नि भजी. केळ्याची बज्जी, तेल जरा जास्त तापलं, असो. चेन्नैची माणसं, पण घरात आपली मराठी बोलतात. असं स्थळ आता राहिलंय कुठे. वसू, माझी नात, तिकडे उत्तरेत डोंगरात मिलिटरी हॉस्पिटलात नर्स. खांद्यावर दोन तारे आहेत पोरीच्या. रजेवर आलीय. साडी नेसून आली तर मला हसूच फुटलं, युनिफॉर्मचीच सवय डोळ्यांना.

गोपाळराव, म्हणजे मुलाचे वडील, खिशावर झेंड्याचा बिल्ला लावून. आताच्या पोरांना देशाचं काही नाही, एकेकाला धरून दोन वर्षं सैन्यात घातलं पाहिजे, असं सांगत होते. मला इतकं बरं वाटलं, आणखी बज्ज्या वाढल्या. म्हटलं, घर मिळालं पोरीला.

हात धुऊन आले नि म्हणाले, "लग्नाआधी नोकरीचं तेवढं मोकळं करून घ्या. सून तिकडे डोंगरात, मग घरात कोण?"

वसू हसून त्यांना म्हणाली, "मामा, मग सैन्यात धाडायचं कोणाला?"

तेही हसले. मुलगा, रघू, सोज्जीकडे बघत बसला.

गजरा कमलाबाईंनी वसूला माळला नाही. सासूनं फूल माळलं की ठरलं, म्हणून. आडी संपू दे म्हणाल्या, तोवर हिचं नोकरीचंही होऊ दे. फ्रिजमध्ये ठेवा म्हणाल्या. फुलं काय लोणचं आहेत?

सोम. ११

राग जात नाही. कॉफीत साखर दोनदा घातली. माधव, माझा मुलगा, म्हणतो आई, जपून बोल, आपली माणसं आहेत. सूनबाई तर मुलगी बिनलग्नाची राहील म्हणून आताच डोळे पुसतेय.

आपली माणसं हवीत मलाही. माझ्यामागं या घरात मराठी कोण बोलणार, हा घोर मलाच आहे. पण मला तिसरीतून काढलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हिला विचारतायत, तेही उत्तर आधी ठरवून. फरक काय मग.

शुक्र. १५

सकाळी मोबाईलवर गोपाळरावांचा फोटो. कॉलनीत झेंडा चढवताना, शर्ट कडक इस्त्रीचा. खाली लिहिलंय देशासाठी सर्वस्व. सर्वस्व! सून सोडून सर्वस्व.

वसूनं काल सांगितलेलं डोक्यातून जाईना. तिच्या वॉर्डात रामनाथपुरमचा एक शिपाई, पाय गेलेला, जेवेचना. तिथं तमिळ येणारी ही एकटी. हिनं खोलीवर रसम केलं, नेऊन भरवलं. पहिल्या घोटाला रडला म्हणे, मग म्हणाला, मीठ कमी आहे. मी हसले नि मग मलाच... आता हे गोपाळरावांना कोण सांगणार. ते आले तेव्हा मला ठाऊकच नव्हतं, बज्ज्या तळत होते.

रवि. १७

आडी संपली, आवणी लागली. लगेच चेन्नैहून फोन. बुधवारी येतो, मुलीचा होकार नि राजीनाम्याचं एकदमच सांगा.

फ्रिज उघडला, गजरा तांबूस पडलेला. तुळशीत टाकायला निघाले तर वसूनं हातातून घेतला. "आजी, बस इथं." नि माझ्याच केसात माळायला लागली! मी म्हटलं, अगं, हे गेल्यापासून मला चालत नाही.

"कोण म्हणालं?"

आठवून पाहिलं. तसं तोंडानं कुणी म्हणालं नव्हतं. बसून राहिले. आरशात पाहिलं नाही. मग पाहिलं.

माधवनं पाहिलं नि पेपर उघडला. सूनबाईनं मात्र पिन आणून दिली.

मग वसू म्हणाली, रघूचा फोन आला होता. तुझ्या हॉस्पिटलाजवळ भाड्याचं घर मिळतं का, नि तिकडे बसून माझं ऑफिसचं काम होईल का, विचारत होता. घ्या! हे बापासमोर विचारायला काय झालं होतं? घसा सोज्जीनं बसला होता? वसू म्हणाली, "मी राजीनामा देत नाही, हे त्याला सांगितलंय. बुधवारी त्यानं हेच सगळ्यांपुढे विचारायचं. नाही विचारलं तर मला काय ते कळेल."

पोरगी शांत झोपलीय. मीच जागी.

बुधवारी संध्याकाळी येतो म्हणालेत. फूलवालीला दोन गजरे सांगून ठेवलेत. एक माझा. दुसरा कमलाबाईंच्या हातात देईन, नि वसूला माळतात का बघत बसेन.