किल्ली येत नाही

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

आप्पांना घरी आणलं. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही परत येणार नाही म्हणतात. डावा हात चालतो आणि समजतं सगळं. खाट खाली दुकानातच टाकली आहे, कामाच्या टेबलाला लागून, म्हणजे घड्याळं डोळ्यांसमोर राहतात. तुझं पत्र आलं की तिथेच बसून मोठ्याने वाचते. मला आधी नजर फिरवायचीही सवड देत नाहीत, डोळ्यांनीच दटावतात.

आपली मांजर किल्ली मात्र पार फिरली बघ. काम आवरलं की आप्पा चिमट्याने काचेच्या झाकणावर टकटक करायचे आणि किल्ली असेल तिथून धावत येऊन मांडीवर चढायची. पोटची पोरं हाकेला एवढ्या लगबगीने कधी आली नाहीत, असं तुला-मला ऐकवायचे, आठवतं ना? आता ती टकटकच काय ती त्यांच्याकडे उरली आहे, आणि ही ढुंकूनही बघत नाही. मध्येच घर डोक्यावर घेते, अशी रडते की शेजारचे विचारायला येतात. काल मागून उचलायला गेले तर मला कडकडून चावली. आप्पा टकटक करतात, वाट बघतात, मग भिंतीकडे तोंड करून पडतात. घास तोंडाशी नेला की ओठ मिटून घेतात. औषधाने व्हायचं तेवढं झालं, आता यांना जगावंसं वाटलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. मी काय करू, सांग.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेच्या पुस्तकांची छपाई ऐन भरात आहे, त्यामुळे रजेचं नाव काढलं की आमचे मॅनेजर बहिरे होतात. नाहीतर पत्राच्या जागी मीच आलो असतो.

मागून उचललंस तर मीही चावलो असतो, त्यात तिचं काय चुकलं? गंमत सोड. आप्पांच्या अंगाला दवाखान्याचा वास येत असेल, त्याला मांजरं बिचकतात. त्यांचा जुना तेलकट कामाचा सदरा त्यांनाच घाल. शिवाय बाईसाहेबांचंही वय झालं, ऐकू येतंय ना तेवढं बघ. आप्पांना म्हणावं, किल्लीने रुसावं आणि तुम्ही उपाशी राहावं हा कुठला न्याय?

माझ्यावर माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

सदरा घातला, काही उपयोग नाही. ऐकू येण्याचं म्हणशील, तर तुझं पत्र वाचत असतानाच कोपऱ्यातल्या मोठ्या उभ्या घड्याळाचे ठोके पडले. किल्ली त्याच्या पेटीवरच झोपली होती. पहिल्या ठोक्याला कान टवकारून उठून बसली. आप्पांनी बोट करून मलाच ते दाखवलं. घड्याळजीच्या घरात कान तपासायला दुसरं काय हवं? मग आप्पांनी तिला दाखवून टकटक केली. ती जांभई देऊन पुन्हा निजली. त्या वेळचा त्यांचा चेहरा तू बघायला नको होतास.

परवा ती खाटेच्या कडेला झोपली असताना त्यांनी डाव्या हाताने तिच्या पाठीला हात लावला, तर तिने बोचकारून रक्त काढलं. आप्पांना मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नाही, नुसतं पाणी. तेव्हापासून पाण्याचा चमचासुद्धा सक्तीने द्यावा लागतो.

माझा जीव मेटाकुटीला आला आहे. डोळ्यांसमोर तीच राहिली तर हे भिंतीकडून वळायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला पिठाच्या कोठारासाठी मांजर हवंच होतं. उद्या नेतो म्हणाला. आप्पांना सांगितलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. रागावू नकोस.

तुझी,
ताई

२३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आधी किल्लीला परत आण, मग पुढचं वाच. अगं, ती बहिरी झाली आहे. आपण तिघेही घड्याळाला फसलो. आमच्याकडचा म्हातारा मशीनवाला ठार बहिरा आहे, तरी पट्टा सरकला की सगळ्यांच्या आधी त्याला कळतं, तळपायाला. काल त्याला पाहिलं आणि मी जागच्या जागी थिजलो. किल्ली पेटीवर बसली होती ना? तिने ठोके ऐकले नाहीत, तिच्या पोटाखालची पेटी थरथरली. स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून ती एवढ्याने ओरडते. कोणी आल्याची चाहूल लागत नाही म्हणून दचकून बोचकारते.

आप्पा, ती तुमच्यावर रुसलेली नाही. दुकानाची जमीन फळ्यांची आहे. ताई, त्यांच्या हातात काठी दे आणि जमिनीवर ठोकू दे. येते की नाही बघा.

तुमचा,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

काल सकाळी बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. अंगणात गाडी मागे घेत होते. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न दिले म्हणे. किल्ली उन्हात पोत्यापाशी झोपली होती, हललीच नाही, चाकाखाली आली. असं मांजर जन्मात पाहिलं नाही, असं तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला तेव्हाही उमगलं नाही.

आप्पांना कसं सांगावं या विचारात होते, तेवढ्यात पोस्टमन आला. आप्पांनी पाकीट पाहिलं आणि मी नेहमीसारखं फोडून वाचायला लागले. पहिल्याच ओळीला थांबायला हवं होतं. थांबले असते तर त्यांनी ओळखलं असतं, म्हणून वाचत गेले, शेवटपर्यंत.

काय सांगू तुला. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. खाट काढून गादी जमिनीवर घालायला लावली, काठी मागितली. बेकरीच्या दिशेने हात करून तिला घेऊन ये असं खुणावलं. मी उद्या आणते म्हणाले. मग त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं आणि वाटीभर जेवले. आज सकाळी पुन्हा जेवले. दोन घासांच्या मध्ये काठी ठोकतात आणि दाराकडे बघतात.

हे मी किती दिवस निभावू? सांगितलं तर ते पुन्हा भिंतीकडे वळतील, या वेळी कायमचे. आणि न सांगून ती काही येणार नाही. तुझं पुढचं पत्रही मला त्यांच्यासमोरच वाचावं लागेल, तेव्हा किल्लीबद्दल काय लिहायचं ते तूच ठरव. माझी मती चालत नाही. लोभ कमी होऊ देऊ नकोस, आता तुझ्याखेरीज कोण आहे मला?

तुझी,
ताई

ता. क. हे माडीवर बसून लिहिते आहे. खाली काठी वाजते आहे. चप्पल काढून पाय जमिनीला टेकवून पाहिला. तळव्याला अगदी स्पष्ट कळतं.