सशाचा डावा डोळा

रविवार, ३ मार्च

हात तोडून टाकावासा वाटतोय. माझाच!

दुपारी लेकीकडे गेले होते. चिमीने, म्हणजे नातीने, जिन्यात खेळण्यांची शाळा भरवली होती. शेजारच्या दोघी मास्तरणी, कापडी ससा पहिल्या बाकावर. मला म्हणाली, "आजी, उशिरा आलीस! कान धरून उभी राहा." मला हसूच आलं. खाली वाकले, ससा उचलला — आणि ओढला त्याचा डोळा. अंगठा आणि बोटात धरून, मनात दहापर्यंत मोजत. सातलाच हातात आला.

चिमी आधी रडलीच नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग जी काही रडली!

लेक धावत बाहेर आली. "आई, इथेसुद्धा? अगं, माझ्या एकूण एक बाहुलीचे डोळे उपटलेस तू! बाकीच्यांच्या आया खेळणी आणायच्या, तू आलेली परत करायचीस. एकदा तरी खेळलीस माझ्याशी? एकदा तरी?"

मी म्हटलं, तुझ्याच काळजीपोटी गं —

"नको मला ती काळजी. थोडे दिवस येऊ नकोस."

चपला घालताना माझा तोल गेला. कुणी धरलं नाही.

सोमवार, ४ मार्च

खेळण्यांच्या कारखान्यात गेले, कामावर. न जाऊन सांगते कुणाला?

सव्वीस वर्षं हेच काम. अस्वलाचा डोळा चिमट्यात धरायचा, खाली वजन लटकवायचं, दहा सेकंद मोजायचे. डोळा टिकला तर ठीक. सुटला तर तो नळकांड्यात टाकून बघायचा. नळकांडं लहान मुलाच्या घशाएवढं. डोळा आत मावला की अख्खा माल परत. सगळे मला 'डोळेकाढी मावशी' म्हणतात. शिवणाऱ्या बायका तर अस्वलांना दटावतात, "नीट बस, मावशी येईल हं!" एरवी मीही हसते. आज मान वर केली नाही.

खरं म्हणजे नोकरी लागायच्या आधीपासून मी हेच करत होते. पगार तेवढा नंतर मिळायला लागला.

लेकीशी खेळल्याचं आठवून पाहिलं. डबा भरलेला आठवतो, ताप मोजलेला आठवतो, वेण्या घातलेल्या आठवतात. खेळलेलं एकही नाही.

बुधवार, ६ मार्च

फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडाने करू?

रविवार, १० मार्च

सापशिडी विकत आणली! या वयात! चिमीसाठी नव्हे, माझ्यासाठी. बोलावलंच उद्या, तर खेळता आलं पाहिजे ना.

दार लावून बसले. चारही सोंगट्या मीच. आधी फासा बोटांत धरून किती लहान आहे ते पाहिलं, मग स्वतःलाच म्हटलं, बाई गं, पुरे आता. लाल सोंगटी मोठ्या शिडीवरून सरसर वर गेली तेव्हा चक्क टाळी वाजवली मी. आणि त्या टाळीच्या आवाजासरशी डाव तसाच ठेवून उठले. अर्धा तास नळाखाली हात धूत होते.

गुरुवार, १४ मार्च

जावयांचा फोन. "आई, मनाला लावून घेऊ नका. डोळा शिवून देतो म्हटलं तर चिमीच नको म्हणते. म्हणते, ससा डोळा मारतोय! तिच्या वर्गात आता तोच सगळ्यात वांड."

हसले. हसता हसताच रडायला आलं. त्यांना वाटलं, फोन कट झाला.

"आणि माझी लेक?" विचारलं. ते म्हणाले, "ती अजून रागावलीय."

रविवार, १७ मार्च

लिहूनच टाकते. कागद काही उलटून विचारत नाही.

मला धाकटा भाऊ होता. दोन वर्षांचा. लेकीला मी सांगितलंय, मामा तापाने गेला. ताप नव्हता. आम्ही दुकान-दुकान खेळत होतो. मी दुकानदार, तो गिऱ्हाईक. आईच्या तुटलेल्या माळेचे मणी म्हणजे गोळ्या. "घ्या हो घ्या, ताज्या गोळ्या!" एक मणी मीच त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तोंडात टाकला. मग डोळे मोठे केले, हात हलवले. मला वाटलं, सोंग करतोय. फार सोंगाड्या होता तो! मी हसले. टाळ्या वाजवल्या.

आई आली तोवर तो काळानिळा पडला होता.

कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. आईने सगळी खेळणी एका पोत्यात भरली आणि देऊन टाकली. त्या घरात पुन्हा कुणी खेळलं नाही. बोललं असतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. मोठी बहीण ना मी! मोठीला कळायला नको? खेळात रमले म्हणून भाऊ गेला. पन्नास वर्षं हेच घोकतेय. लेकीला कसं सांगू? सांगितलं तर चिमीला पुन्हा माझ्याजवळ देईल ती?

शुक्रवार, २२ मार्च

दोनदा फोन उचलून ठेवला.

रविवार, २४ मार्च

न बोलावता गेले. लेकीला सगळं सांगितलं, दारातच उभं राहून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू केवढी होतीस तेव्हा?"

पाच, म्हटलं.

आत गेली. चिमीला खेळातून उठवून हाताला धरून घेऊन आली, माझ्यासमोर उभी केली. "ही पाचची आहे, आई. बघ हिच्याकडे."

बघितलं. जेमतेम माझ्या कमरेला लागत होती.