राखण देताना

पावस,
२९ जानेवारी १९३७

चि. भिकाजीस सावित्रीअक्काचे अनेक आशीर्वाद.

आपल्या बागेचा राखणदार केरू याला काल दुपारी फाशी सांगितली. कोर्टातले कारकून रावजी स्वतः घरी येऊन सांगून गेले, तेव्हा ऐकीव गोष्ट नव्हे. केरूची हौसा तेव्हा आपल्याच अंगणात सुपाऱ्या सोलत होती. तिने रावजींना दोनदा विचारलं आणि पुन्हा सोलायला बसली.

शेजारच्या बागेचा काशीराम कार्तिकात दोन बागांमधल्या दगडी गडग्यापाशी मेलेला सापडला, मानेवर घाव. केरूशी त्याचं भांडण होतं हे सगळा गाव जाणतो. केरूच्या कोयत्यावर वाळलेलं रक्त निघालं. माणसाचं की जनावराचं, ते तपासणीत ठरलं नाही. पण ते कशाचं हे मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला आपण बागेच्या देवाला राखण दिली. कोंबडा मी नेला, आप्पा गाऱ्हाणं घालायला उभा होता, केरूने कोयता चालवला. राखणीचा कोयता दुसऱ्या दिवसापर्यंत धुवायचा नाही ही आपल्या घरची रीत तुला माहीत आहे.

फौजदार देशावरचा, नवा. केरू म्हणाला, राखण देताना रक्त लागलं. त्याने लिहिलं, राखण करताना, म्हणजे पहाऱ्यावर असताना. जबानी वाचून दाखवली तेव्हा केरूने राखण हा शब्द ऐकला, मान हलवली आणि अंगठा दिला. कोर्टात तो म्हणत राहिला की मालकांना विचारा. मालक, म्हणजे आपला आप्पा, सभेला गेले होते.

निवडणुकीत आप्पा सखारामरावांच्या बाजूने फिरतो. सखारामराव म्हणतात, बागचोरांना फटके, कोयता चालवणाऱ्याला फाशी, गावोगाव पोलीस चौकी. आप्पाने त्यांना घोषणा करून दिली आहे, “ज्याचा कोयता, त्याला दोर.” पोरंसोरं ओरडत हिंडतात. तू वकिलाकडे कारकुनीला आहेस, काय करता येईल ते कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
अक्का

*

मुंबई, परळ,
३ फेब्रुवारी १९३७

ती. गं. भा. अक्काचे सेवेशी शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लहानपणी आरती म्हणताना पुढची ओळ विसरणारा आपला आप्पा आता घोषणा रचतो, यावर एरवी मी पोटभर हसलो असतो.

आमच्या वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते पुण्याचे. त्यांनीही आधी विचारलं की राखण देणं म्हणजे पहाऱ्याला माणूस देणं का. मग मला कळलं, फौजदाराने मुद्दाम काही केलं नसावं. त्याच्या मुलखात तो शब्दच तसा नाही.

फाशी वरच्या कोर्टाने कायम केल्याशिवाय देत नाहीत. साहेब फी न घेता उभे राहतील. पण ते म्हणाले, घरच्या मालकाने शपथेवर सांगायला हवं की कोंबडा माझ्यासमोर कापला. तेवढं झालं तर फेरविचार मागता येईल. आप्पाला मीही लिहिलं आहे. तू जवळ आहेस, गोडीने सांग. त्याच्याशी आवाज चढवून बोलू नकोस, तो उलटा फिरतो.

पायांपाशी लोभ मागणारा,
भिकाजी

*

पावस,
९ फेब्रुवारी १९३७

चि. भिकाजीस आप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अक्काची टकळी दोन्ही ऐकून कान किटले. केरूने खून केला असं मी कुठे म्हणालो? कोर्ट म्हणालं. मी सभेत एवढंच बोललो की माझा स्वतःचा माणूस असला तरी मी दया मागणार नाही. त्यावर एवढ्या टाळ्या पडल्या की सखारामराव उठून गळ्यात पडले. पलीकडचा उमेदवार म्हणतो, गरिबाला सरकारने चांगला वकील द्यावा. त्याच्या सभेला कुत्रं येत नाही. आता मीच उठून सांगू की रक्त कोंबड्याचं होतं? लोक तोंडात शेण घालतील.

मतदान या आठवड्यात आहे. ते होऊन जाऊ दे, मग बघू. फाशी काही उद्या देत नाहीत, तूच लिहिलं आहेस. मुंबईचं पाणी लागलं म्हणून थोरल्या भावाला कायदा शिकवू नये.

कळावे,
आप्पा

*

पावस,
२४ फेब्रुवारी १९३७

चि. भिकाजीस अनेक आशीर्वाद.

सखारामराव निवडून आले. आप्पाच्या गळ्यातला हार अजून खुंटीवर आहे. तुरुंगाच्या पाहणी कमिटीवर त्याचं नाव घालण्याचा शब्द सखारामरावांनी दिला आहे.

मतदान झालं, म्हणून काल मी आप्पाला विचारलं. तो म्हणाला, आता उलटं बोललो तर सखारामरावांची पहिल्याच महिन्यात नाचक्की होईल. मग त्याने खुंटीवरचा हार सारखा केला. शेवटी म्हणाला, केरूने माझं नाव घ्यायलाच नको होतं. मी उठले. चढवून बोलले नाही, तुझी शपथ.

कोंबडा मीच धरून नेला होता, तेव्हा मीच सांगते. मालक नसले तरी मला डोळे आहेत. शनिवारच्या आगबोटीने निघते, हौसा बरोबर आहे. आप्पाने बजावलं आहे की हा उंबरा ओलांडलास तर परत चढायचा नाही. हौसेने केरूचा सदरा धुऊन गाठोड्यात घेतला आहे, सुटून येताना त्याला घालायला म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

मंगळवारी, दोन मार्चला सुनावणी आहे असं तुझं कालचं पत्र सांगतं. नवी साक्ष त्या दिवशी घेतील की नाही हे तुझ्या साहेबांनाही सांगता येत नाही. तरी त्यांच्याकडून तो शब्द घोटवून घे. राखण करतात माणसं, राखण देतात देवाला. न्यायाधीशांपुढे तेवढं तरी चुकू नये.

रविवारी धक्क्यावर ये. आम्हा दोघींनाही मुंबई ठाऊक नाही. लोभ आहेच, तो वाढवला नाहीस तरी चालेल. खोलीत दोघींपुरती जागा कर.

तुझी,
अक्का