छप्पर खाली येतंय, पाहुणे

प्रिय बाबा,

काल धक्क्यावर तुमच्या होडीचं छप्पर खाली आलं आणि मी वाकलो, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुम्हाला त्यात विशेष वाटलं नसेल. तुमच्या होडीत रोजच माणसं वाकतात.

एका घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नका. हिरोशिमाचं कॉलेज अर्ध्यावर सोडून आलो, आपलं कडाक्याचं भांडण झालं, आणि तेव्हापासून तुमचे-माझे निरोप आईच पोचवते. त्यामुळे काल माझ्या शेजारी कोण बसली होती ते मीच लिहून कळवायला हवं. ती फुमिनो. माझ्याच वर्गातली. माझ्या तापट डोक्याला कंटाळून तिनं बोलणं टाकलं होतं. परवा अचानक तिचा फोन आला, "एक दिवस तुझं मात्सुए बघायला येते. संध्याकाळच्या गाडीत बसायच्या आधी लग्नाला हो की नाही ते सांगते. मधे कुणाशी भांडलास तर तिथूनच परत."

मला रात्रभर झोप नाही. सकाळी तिला आधी याएगाकीच्या देवळातल्या तळ्यावर नेलं. कागदावर नाणं ठेवून पाण्यात सोडलं. कागद लवकर बुडाला तर लग्न लवकर, ते तुम्हाला मी काय सांगू. तिचा कागद मजेत तरंगत पार पलीकडे निघाला. मला राहवेना. मी काठावर पालथा पडून फुंकर मारायला लागलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे बाळा, फुंकून लग्न जमत नसतं. ऊठ, सदरा भिजला." फुमिनो इतकी हसली की तिचा कागद कधी बुडाला ते दोघांनीही पाहिलं नाही.

दुपारी मी काम शिकतो त्या आमच्या दुकानात जेवलो. कादोवाकी मालकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "अच्छा, हिच्या नावानं तू माझं पीठ बडवतोस होय?" सोबाच्या शेवयांचे तीन गोल डबे एकावर एक आले. फुमिनो बाईसाहेबांनी शेवया उचलल्या आणि रश्शाच्या भांड्यात बुडवल्या. मालकांचा चेहरा असा झाला जणू कुणी त्यांच्या पायावर पाय दिला. "ताई, बुडवायचं हिरोशिमात. इथं रस्सा वरून ओतायचा, आणि उरेल तो खालच्या डब्यात." तिनं निमूट ओतला, तिन्ही डबे संपवले, अजून दोन मागवले. मग विचारलं, "यातला सोसुकेनं केलेला कुठला?" मालक म्हणाले, "एकही नाही. आमच्याकडे पोराचा पहिला सोबा त्याच्या घरच्यांनी खायचा, मग गिऱ्हाइकांनी. याचं घर पुलापलीकडे, पण येतं कुठे कुणी?" मी तावातावानं तोंड उघडलं, तिनं टेबलाखालून लाथ मारली, मी चहा प्यायलो.

मग होडी. काल तुमची सुट्टी होती म्हणूनच मी होडीचं ठरवलं होतं. तुम्ही कुणाच्या बदली आलात देव जाणे. तुम्ही म्हणालात, "या पाहुणे, बूट काढा, पांघरुणात पाय घाला, खाली शेगडी आहे." इतक्या महिन्यांनी माझ्याशी बोललात, तेही अहो-जाहो करत. फुमिनो कुजबुजली, "तुमचे नावाडी किती गोड बोलतात." मग वाटेतल्या बुटक्या पुलांसाठी निघण्याआधीचा सराव. "छप्पर खाली येतंय, पाहुणे. सगळ्यांनी वाका." सगळे वाकले. मी ताठ. छप्पर माझ्या केसांना टेकून थांबलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मागचे तरणे पाहुणे वाकले की निघू." फुमिनो खालून म्हणाली, "अरे टेक की डोकं, मान अवघडली माझी." टेकलं.

पुढे बुटक्या पुलाखाली, सगळ्यांची नाकं पांघरुणात असताना, तिनंच तुम्हाला विचारलं, "काका, मुलं किती?" तुम्ही म्हणालात, "एक मुलगा. डोकं तापट. सोबा करतो." "कसा करतो?" "कोण जाणे. बोलावलं तर खाऊन सांगेन." आणि लगेच गाणं धरलंत, तेही बेसूर. छप्पर वर गेलं तरी मी तोंड वर काढलं नाही. "पूल गेला रे," ती म्हणाली.

उतरल्यावर मी तिला सांगितलं. "ते तुझे बाबा? आणि तू पांघरुणात तोंड खुपसून बसलास?" ती धक्क्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसली. मग सरोवरावर सूर्य बुडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. स्टेशनवर गाडी आली, गेली, ती पिशवी धरून उभीच. शेवटी म्हणाली, "त्यांना जेवायला बोलाव. बोलावलंस तर माझं हो." मी विचारलं, पत्र चालेल का. म्हणाली, "चालेल. पण ते आलेले मला दिसले पाहिजेत." काल ती मालकांच्या बहिणीकडे राहिली.

तर बाबा, पत्राचं कारण एवढंच. आज दुपारी होड्या थांबल्या की दुकानात या. आईलाही आणा. पीठ मी स्वतः मळणार आहे. शेवया जाड-बारीक होतील, तुटतीलही, तुम्हाला वाटेल ते तोंडावर सांगा. तुम्ही मागे अंगणात बर्फ उपसताय, फावड्याचा आवाज इथवर येतोय. दोनदा हाक मारायला उठलो, धीर झाला नाही. पत्र तुमच्या जेवणाच्या डब्यावर ठेवतोय. आज डबा नेऊ नका. मी निघतो, आणि दार हळूच लावून घेतो.

तुमचाच,
सोसुके